बाक, बेंच आणि खंडपीठ

सकाळचे मराठी वर्तमानपत्र उघडावे, तर पहिल्या पानावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सरकारला खडे बोल सुनावलेले असतात. पान उलटावे, तर विधानसभेत विरोधी बाकांवरून घोषणा झालेल्या असतात आणि सत्ताधारी सदस्यांनी बाके वाजवून कोणा मंत्र्याच्या घोषणेचे स्वागत केलेले असते. बाजाराच्या पानावर ‘बेंचमार्क’ निर्देशांक वर तरी गेलेला असतो, नाही तर खाली तरी आलेला. खेळाच्या पानावर एखादा गुणी फलंदाज सगळी मालिका ‘बेंचवर’ बसून काढतो. आणि पुण्याच्या बातम्यांत हिंजवडीतले काही तरुण अभियंते हाताला काम नाही म्हणून ‘बेंचवर’ असतात. वाचक हे सारे चहा निवण्यापूर्वी वाचून टाकतो. या सर्व ठिकाणी मुळात एकच वस्तू आहे, ती म्हणजे चार पायांवर ठोकलेली एक लांब लाकडी फळी, हे त्याच्या मनातही येत नाही. आणि यावे असे कारणही नाही.

मी मात्र उमेदीची काही वर्षे एका दैनिकाच्या वृत्तविभागात काढली. इंग्रजी बातम्यांचे मराठी करणे हे आमचे काम. ‘बेंच’ हा शब्द आला, की आधी पाहावे लागे, त्यावर बसले आहे कोण. न्यायमूर्ती असले तर ‘पीठ’, आमदार असले तर ‘बाक’, खेळाडू असले तर ‘राखीव’, आणि यांपैकी कोणीच नसले तर वरिष्ठांना विचारणे. एका इंग्रजी शब्दाला मराठीत इतके शब्द का लागावेत, या कुतूहलाने मी त्याच्या मागे लागलो. पुढे पुष्कळ वाचल्यावर मला असे दिसले, की बातमीत हा शब्द आला म्हणजे तिथे एक बसलेला असतो आणि एक उभा. कोण बसला आहे, कोण उभा आहे आणि दोघांमध्ये अंतर किती, यावर शब्दाचा सारा अर्थ ठरतो. या लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे. पण त्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

प्रथम आपला ‘बाक’ घेऊ. हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो परका असेल अशी शंकाही येत नाही. परंतु बाक हा पोर्तुगीज ‘बांको’चा मराठी अवतार आहे. जुन्या लिखाणात तो ‘बांक’ असा अनुस्वार घेऊन येतो, त्यावरून त्याचे मूळ चटकन दिसते. वसई, चौल आणि गोवा या किनाऱ्याने पोर्तुगिजांबरोबर पगार, चावी, बादली, मेज हे शब्द आले, त्यांच्याबरोबर हाही आला. ‘बांको’ आणि इंग्रजी ‘बेंच’ हे दोन्ही एकाच जर्मानिक धातूचे वंशज. म्हणजे बाक आणि बेंच ही चुलत भावंडे. एक पोर्तुगिजांच्या गलबतातून सोळाव्या शतकाच्या सुमारास उतरले आणि मराठी झाले. दुसरे इंग्रजांच्या कोर्टकचेऱ्यांतून आणि शाळांतून आले आणि अजून इंग्रजीच राहिले. या घराण्यातले तिसरे भावंडही आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. इटलीतले सराफ बाजारात बाक मांडून त्यावर नाण्यांची देवघेव करीत. त्या ‘बांका’वरून ‘बँक’ झाली. सराफ बुडाला म्हणजे त्याचे बाक मोडीत, असे सांगतात. इंग्रजीत दिवाळखोराला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच ‘मोडलेले बाक’ असा आहे. आपल्याकडे व्यापारी बुडाला की तो भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, अशी जुनी चाल सांगतात, आणि ‘दिवाळे’ हा शब्द तिच्याशी जोडतात. तिकडे बाक मोडले, इकडे दिवा लागला. पैसे बुडाले ते मात्र दोन्हीकडे सारखेच!

बसण्याच्या वस्तूवरून सत्तेला नाव पडावे, ही काही युरोपची मिरास नव्हे. आपल्या जुन्या कागदांत न्यायनिवाडा ‘मजालशी’त होई, तो अरबी शब्द ‘बसणे’ या अर्थाच्या धातूचा. आपली ‘बैठक’ तर उघडच आहे. किल्ल्यावरची ‘सदर’ म्हणजे राजाने किंवा किल्लेदाराने बसून कारभार पाहावयाची जागा. मुळात ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढला भाग, आणि म्हणून अग्रस्थान. वर्तमानपत्रातल्या ठरावीक स्तंभालाही आपण ‘सदर’च म्हणतो. म्हणजे स्तंभलेखकालाही मराठीने एक मानाची बैठक देऊन ठेवली आहे, तिचे मानधन काही का असेना.

सर्वांत गमतीचा प्रवास ‘दिवाण’ या शब्दाचा. फारसीत दिवाण म्हणजे आधी हिशेबाची वही. मग ती वही जिथे ठेवत ती कचेरी. मग त्या कचेरीतली मसलत. आणि शेवटी मसलतीच्या दालनात भिंतीला लागून गाद्या घातलेली जी बैठक असे ती. आज मुंबई-पुण्याच्या घराघरांत दिवाण असतो. त्यावर पाहुणे निजतात आणि त्याच्या पोटात जास्तीच्या रजया असतात. त्याच घरातला एखादा जमिनीचा वाद मात्र ‘दिवाणी’ न्यायालयात वर्षानुवर्षे पडून असतो. इंग्रजी ‘बेंच’ फळीपासून निघाला आणि न्यायालयापर्यंत पोहोचला. आपला दिवाण कचेरीतून निघाला आणि गादीवर येऊन लवंडला. दोघे एकाच रस्त्याने गेले, पण उलट दिशांनी.

आता न्यायाचे बाक. तेराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात राजाचे न्यायालय राजाबरोबर हिंडत असे. राजा आज या परगण्यात, तर उद्या त्या गढीत. प्रजाजनांच्या आपसांतल्या दाव्यांसाठीही वादी-प्रतिवाद्यांना त्याच्या मागे साक्षीदार घेऊन वणवण करावी लागे. १२१५ साली सरदारांनी जॉन राजाकडून जी सनद लिहून घेतली, तिच्या सतराव्या कलमाने असे ठरले, की असले सामान्य दावे राजदरबाराच्या मागे फिरणार नाहीत, ते एका निश्चित ठिकाणी चालतील. ते ठिकाण वेस्टमिन्स्टर झाले आणि तिथल्या न्यायालयाला लोक नुसते ‘बेंच’ किंवा ‘सामान्य बेंच’ म्हणू लागले. राजासमोर चालणारे ते ‘राजाचे बेंच’. तेही पुढे वेस्टमिन्स्टरलाच स्थिरावले. हे कलम मला फार मोलाचे वाटते. त्या सनदेतल्या मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा जगभर होते. परंतु न्यायासाठी माणसाने किती चालावे, हा साधा प्रश्नही तिच्यात होता, आणि त्याचे उत्तर म्हणून एक बाक एका जागी ठोकून बसवले गेले.

पुढे बाक हा शब्द बाकावर बसणाऱ्यांनाच लागला. आता न्यायाधीश स्वतंत्र उंच खुर्च्यांवर बसतात, पण बातमीत ‘बेंच’च बोलते, विचारते, रागावते, निकाल राखून ठेवते. फळीला वाचा फुटण्याचा हा चमत्कार आपण मराठीतही बिनदिक्कत मान्य केला आहे. इंग्लंडात तर राज्यकर्ता पुरुष की स्त्री यावर बाकाचे नाव बदलते. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणी निवर्तली आणि १९५२ पासून सत्तर वर्षे ‘राणीचे बेंच’ असलेला उच्च न्यायालयाचा विभाग त्याच दिवसापासून ‘राजाचे बेंच’ झाला.

बाकासमोर एक लाकडी कठडा असे. तो ‘बार’. कठड्याशी उभे राहून बोलणारे वकील, म्हणून वकिलीचा धंदाही ‘बार’. बसणारे बेंच आणि उभे राहणारे बार, ही जोडी तिथून आपल्याकडे आली.

वेस्टमिन्स्टरच्या त्याच जुन्या राजवाड्यात बाकाचा दुसरा इतिहासही घडला. सोळाव्या शतकाच्या मध्याला कॉमन्स सभेला बसण्यासाठी सेंट स्टीफनचे प्रार्थनामंदिर मिळाले. तिथे धर्मगीते गाणाऱ्यांची आसने दोन भिंतींना लागून समोरासमोर होती. सभासद त्यांवरच बसू लागले. एक ओळ दुसऱ्या ओळीच्या डोळ्यांत पाहत बसली, की दोन पक्ष पडावयास वेळ लागत नाही! अध्यक्षाच्या उजव्या हाताला सरकार आणि डाव्या हाताला विरोधक. पुढल्या बाकावर मंत्री आणि मागच्या बाकांवर बाकीचे, ही सारी व्यवस्था त्या देवळाच्या घडणीत मुरली. १८३४ साली तो राजवाडा जळाला, तरी नवे सभागृह त्याच घाटाचे झाले. १९४१ च्या बॉम्बवर्षावात तेही पडले. तेव्हा चर्चिलने १९४३ साली आग्रह धरला, की सभागृह पूर्वीसारखेच लांबट आणि लहान हवे, सगळ्या सभासदांना एकाच वेळी बसता येऊ नये इतके लहान. त्याप्रमाणे १९५० साली ते उघडले. कॉमन्सचे सभासद आज ६५० आहेत आणि बसावयास जागा आहेत ४२७. उरलेल्यांनी गर्दीच्या दिवशी उभे राहावे.

पहिल्या ओळीतल्या बाकाला तिकडे ‘ट्रेझरी बेंच’ म्हणतात. कारण पंतप्रधान हा औपचारिक रीतीने खजिन्याचा पहिला अधिकारी असतो. आपल्याकडे सभागृहे अर्धवर्तुळाकार. १९२७ साली दिल्लीला जे गोल संसदभवन उघडले, त्यात समोरासमोरच्या भिंती नव्हत्या. तरी शब्द मात्र लांबट सभागृहाचे राहिले. सुदैवाने मराठी बातमीदारांनी ‘खजिन्याचे बाक’ असे भाषांतर केले नाही. ‘सत्ताधारी बाके’ म्हटले. आपल्याकडे खजिना आणि सत्ता यांत भेद करण्याची प्रथा नाही, म्हणूनही असेल. ‘बाके वाजवून स्वागत’ हा प्रयोग तर अस्सल मराठी वृत्तलेखनाचा. वाजवतात ते वास्तविक पुढचे मेज; बसल्या बाकाला थापा मारणे कठीण. इंग्रजी बातमीत मेजच वाजते. पण मराठीला शाळेचे बाक आठवत असले पाहिजे, जिथे बसण्याची फळी आणि लिहिण्याची फळी एकाच सांगाड्यात असते. आपले आमदार मराठी वाक्यात शिरले, की पुन्हा चौथीच्या वर्गात जाऊन बसतात.

शाळेवरून आठवले. शाळेत बाकावर उभे राहणे ही शिक्षा असे. म्हणजे जिथे बसावयाचे तिथे उभे करणे यातच अपमान. खेळाच्या मैदानावर याच्या उलट. तिथे बसून राहणे ही शिक्षा आणि उभे राहणे हा मान. राखीव खेळाडूंचे बाक ही वस्तू तशी अलीकडची आहे. इंग्लंडातील लीग फुटबॉलमध्ये १९६५ पर्यंत जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभाच नव्हती. विश्वचषकात ती १९७० साली मेक्सिकोत आली. क्रिकेटमध्ये बारावा गडी फार जुना, पण त्याला धावावयाचे ते क्षेत्ररक्षणासाठी नाही तर पाणी घेऊन. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी उतरणारा पूर्ण बदली खेळाडू २०१९ साली आला. ‘बेंच स्ट्रेंथ’ हा शब्द मराठी क्रीडापानांनी जसाच्या तसा घेतला. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले, त्या मैदानावर यजमान १९८८ नंतर प्रथमच हरले, आणि ते ज्या संघाने केले त्यातले काही जण दौऱ्यावर केवळ सरावात गोलंदाजी करण्यासाठी थांबवलेले होते. त्या दिवशी या शब्दाला कसलेही भाषांतर लागले नाही.

संगणक-कंपन्यांनी हा शब्द खेळाकडूनच उचलला असावा. एक काम संपले आणि दुसरे मिळाले नाही, तो मधला काळ ‘बेंच’. पगार चालू, पण काम नाही. ऐकणाऱ्याला हे सुख वाटेल. ज्याच्यावर येते त्याला ती टांगती तलवार असते. २०२५ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने वर्षाला जास्तीत जास्त पस्तीस दिवसांची मर्यादा घातली, तेव्हा ‘बेंच’ मोजपट्टीने मोजलेले बाक झाले.

मोजपट्टीचा विषय निघालाच आहे, तर ‘बेंचमार्क’चेही येथेच सांगतो. भूमापन करणारे लोक भक्कम दगडावर एक आडवी खाच पाडत. तिच्यात लोखंडी कोन अडकवला, की मोजणीची काठी टेकवावयास एक इवलेसे ‘बाक’ तयार होई. त्या खाचेची उंची एकदा पक्की झाली, म्हणजे आसपासच्या सगळ्या उंच्या तिच्यावरून काढाव्यात. बाजाराचा निर्देशांक ‘बेंचमार्क’ झाला तो या खाचेवरून. अशी एक मानाची खूण आपल्या नागपुरात आहे. शून्य मैलाच्या दगडाजवळ १९०७ साली सर्वेक्षणखात्याने ती बसवली. तिथे समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट ही उंची धरली आहे. नागपूरच्या माणसाला ही खूण बहुधा ठाऊक असते. पण नागपूरचे जे दुसरे बेंच, त्याची कथा अधिक जिव्हाळ्याची आहे, आणि मला मुख्यतः तिकडेच यावयाचे होते.

त्यापूर्वी ‘पीठ’ या शब्दाविषयी दोन वाक्ये. संस्कृतात पीठ म्हणजे आसन. विद्यापीठ, व्यासपीठ, शक्तिपीठ ही सारी त्याचीच मंडळी. दळणाचे पीठ वेगळे, ते ‘पिष्ट’वरून आलेले, दोघांचा संबंध उच्चारापुरताच, जरी काही पक्षकार आपण पहिल्यातून दुसऱ्यात उतरलो असे म्हणतात. न्यायाच्या मराठीत एका न्यायमूर्तीचे एकल पीठ, दोघांचे खंडपीठ, तिघांचे किंवा अधिकांचे पूर्णपीठ, आणि राज्यघटनेच्या महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात निदान पाच जणांचे घटनापीठ बसते. आजवरचे सर्वांत मोठे पीठ तेरा जणांचे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला त्याने सात विरुद्ध सहा असा निर्णय दिला.

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ च्या ऑगस्टात सुरू झाले. त्यात दोन न्यायपरंपरांचे विलीनीकरण झाले. एक राजाच्या सनदेने चालणारे मुंबईचे सुप्रीम कोर्ट, आणि दुसरी कंपनीची सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत. या नावांकडे जरा पाहा. सदर हे आसन, दिवाण हे आसन, आणि त्यांच्या शेजारी आता इंग्रजी बेंच येऊन बसले! त्या बाकावर प्रथम सारे गोरेच होते. नानाभाई हरिदास, काशीनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, बद्रुद्दीन तय्यबजी ही नावे त्यानंतरची. तेलंग १८९३ साली वारले आणि त्यांच्या जागी रानडे आले.

बसणे आणि उभे राहणे यांतला फरक या बाकासमोर एकदा फार ठळकपणे दिसला. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर तय्यबजींसमोर उभे राहिले, आणि जामीन मिळाला. अकरा वर्षांनी, १९०८ साली, टिळक पुन्हा त्याच आरोपावरून आले, तेव्हा दावर बारमधून बेंचवर गेलेले होते. त्यांनी जामीन नाकारला, आणि ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा फर्मावली. माणूस तोच, कठड्याच्या अलीकडून पलीकडे गेला, एवढेच. पुढे काळाने त्याचाही हिशेब केला. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच इमारतीत संगमरवरी शिला लागली, आणि तिच्यावर कोरले गेले ते शिक्षा ऐकल्यानंतर उभ्या असलेल्या आरोपीने काढलेले उद्गार.

आता ‘खंडपीठ’. या शब्दाने मराठी वृत्तलेखनात एक मोठा घोळ घातला आहे. इंग्रजीत दोन न्यायमूर्तींच्या पीठाला ‘डिव्हिजन बेंच’ म्हणतात. त्याचे ‘खंडपीठ’ झाले. आणि उच्च न्यायालयाची दुसऱ्या शहरातली शाखा, तीही बेंचच. तिलाही आपण ‘खंडपीठ’ म्हणालो. एक खंड न्यायमूर्तींच्या संख्येचा, दुसरा भूमीचा. परिणामी ‘नागपूर खंडपीठाच्या एकल पीठाने’ असे वाक्य छापावे लागते, आणि ‘औरंगाबाद खंडपीठाच्या खंडपीठाने’ हे लिहिता लिहिता उपसंपादकाची लेखणी थबकते. काटेकोर माणूस म्हणेल, की दोन वस्तूंना दोन शब्द हवेत. मलाही पूर्वी तसेच वाटे. परंतु लोकांनी या शब्दातला भूमीचा अर्थच उचलून धरला, आणि त्यामागे कारण आहे.

नागपूरला १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, ते न्यायालय संपले, आणि मुंबईचे उच्च न्यायालय नागपुरात बसू लागले. १९६० च्या पुनर्रचना कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. विदर्भाच्या दृष्टीने ‘खंडपीठ’ हा राजधानी आणि हायकोर्ट गमावल्यानंतर हाती उरलेला शब्द होता. मराठवाडा त्याच दिवशी हैदराबादच्या न्यायकक्षेतून मुंबईच्या कक्षेत आला, पण त्याला खंडपीठ मिळाले नाही. नांदेडच्या कुळाला आपल्या अपिलासाठी पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर मुंबई गाठावी लागे.

१९८१ च्या ऑगस्टात मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) न्यायमूर्ती बसतील असा आदेश काढला आणि २७ ऑगस्टपासून काम सुरू झाले. त्याला आव्हान मिळाले. वाद मोठा नामी होता. १९५६ च्या कायद्याच्या एकावन्नाव्या कलमात दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: कायमचे ‘बेंच’ राष्ट्रपतींनी स्थापावे, आणि न्यायमूर्तींनी आणखी कोठे ‘बसावे’ हे राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींनी ठरवावे. मग बसणे कोठे संपते आणि बेंच कोठे सुरू होते? मुंबई उच्च न्यायालयानेच तो आदेश रद्द केला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आणि १९८४ च्या ऑगस्टात औरंगाबादचे बसणे हे रीतसर कायमचे खंडपीठ झाले. दरम्यान १९८२ साली पणजीलाही मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ आले.

कोल्हापूरला मात्र थांबावे लागले. चार दशकांहून अधिक काळ सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार मागणी करीत राहिले. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, कोर्टाच्या कामावर बहिष्कार पडले. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे काम सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले. ते स्वतः नागपूरच्या खंडपीठात वकिली केलेले. कलम तेच एकावन्नावे, आणि त्यातही ‘बसणे’ सांगणारा भाग. म्हणून बातम्यांत नाव आले ‘सर्किट बेंच’, म्हणजे फिरते पीठ. मराठी वर्तमानपत्रांनी हा इंग्रजी शब्दच मथळ्यात ठेवला, कारण मागणी त्याच शब्दाने झाली होती, आणि फलकांवरही तोच होता. तेराव्या शतकात इंग्लंडातल्या माणसाने मागितले होते, की न्यायालयाने फिरू नये, एका जागी बसावे. आपल्या माणसाने मागितले, की एका जागी बसलेल्या न्यायालयाने आता थोडे फिरावे. दोन्ही मागण्या अगदी उलट दिसतात. मुळात त्या एकच आहेत. आपण किती चालावयाचे, हे दोघांनाही विचारायचे होते.

आणि म्हणून ‘खंडपीठ’ शब्दाच्या घोळाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. कायद्याच्या जाणकाराला त्यात न्यायमूर्तींची संख्या दिसते. सावंतवाडीच्या म्हातारीला त्यात एस.टी.चे तिकीट, मुंबईतला रात्रीचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी दिसते. भाषा नेहमी बहुसंख्यांचा अनुभव जवळ करते. तिने भूमीचा अर्थ जवळ केला यात मला वावगे दिसत नाही. वृत्तपत्रांना काटेकोरपणा हवाच असेल, तर दोघांच्या पीठाला ‘द्विसदस्यीय पीठ’ म्हणावे, आणि ‘खंडपीठ’ हा शब्द ज्यांनी इतकी वर्षे रस्त्यावर उभे राहून मिळवला त्यांच्याकडे राहू द्यावा.

एक बाक मात्र अजून कोणत्याही बातमीत आलेले नाही. ते न्यायालयाच्या दालनाबाहेर, ओसरीवर असते. लाकडी, लांब, बसून बसून गुळगुळीत झालेले. आतल्या बाकावरून तारीख पडते, ती ऐकण्यासाठी बाहेरच्या बाकावर माणसे बसलेली असतात. मांडीवर कागदांची पिशवी, पिशवीत भाकरीचे फडके. आत बसलेल्याला सत्ता आणि बाहेर बसलेल्याला प्रतीक्षा, असा एकाच फळीचा दुहेरी अर्थ तिथे दाराच्या दोन बाजूंना मांडलेला असतो. बातमीदार आतून निकाल घेऊन घाईने बाहेर पडतो, तेव्हा त्याने त्या बाहेरच्या बाकाकडेही एक नजर टाकावी. ‘बेंच’ या शब्दाचा आठशे वर्षांचा इतिहास तिथे बसलेला असतो, आणि आपल्या नावाचा पुकारा कधी होतो याची वाट पाहत असतो.